सदोष नलिकांतून भरवशाचा परिपथ
(हैदराबाद येथे मराठी भाषकांसमोर केलेले भाषण)



हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्सविषयी बोलावयाचे, तर आरंभ इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अर्थात ईसीआयएल या संस्थेपासून करणे उचित होय. सन १९६७ मध्ये अणुऊर्जा विभागाने ती येथे स्थापन केली. डॉ. ए. एस. राव यांनी तिचा पाया घातला; त्यांच्या नावाची वसाहत आपणांस परिचित आहेच. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आखलेल्या टीडीसी-१२ या देशी संगणकाचे उत्पादन याच संस्थेने केले. खेडोपाडी पोहोचणारी मतदान यंत्रेही येथे तयार होतात.

या सर्व यंत्रांचा प्राण म्हणजे ट्रान्झिस्टर. शेतातील पाटाला जसे दार असते, तसे हे विजेच्या प्रवाहाचे दार. ते उघडते व मिटते, आणि त्या उघडझापीतूनच सर्व गणित चालते. आजवर हे दार सिलिकॉनचे आहे. ते लहान करता करता आता अशी अवस्था आली आहे की, मिटलेल्या दारातूनही वीज झिरपते आणि वाया जाते.

यावर एक उपाय म्हणून शास्त्रज्ञ कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे वळले. सन १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी या नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांची जाडी मीटरच्या सुमारे एक अब्जांश इतकी असते. सन १९९८ मध्ये त्यांपासून ट्रान्झिस्टर तयार झाला. ऊर्जा व वेग यांचा एकत्रित हिशेब धरता सिलिकॉनपेक्षा सुमारे दहापट लाभ व्हावा, असा अंदाज आहे.

मात्र एक दार करणे निराळे आणि हजारो दारांचा परिपथ उभारणे निराळे. नलिका तयार होताना सुमारे एक तृतीयांश नलिका धातूसारख्या निपजतात. त्यांचे दार मिटतच नाही. काही नलिका वाकड्या पडतात, काहींचे पुंजके होतात. एका दोषाने संपूर्ण परिपथ निकामी होऊ शकतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. सुभाशिष मित्रा व प्रा. फिलिप वाँग यांच्या गटाने यावर मोठी युक्ती योजिली. प्रथम सर्व दारे मिटवावयाची आणि मग जोराचा प्रवाह सोडावयाचा. चांगल्या नलिकांतून प्रवाह जात नाही. सदोष नलिकांतून तो जातो आणि त्या जळून जातात. वाकड्या नलिकांमुळे बिघाड होणार नाही, अशी आखणीही त्यांनी केली. सन २०१३ मध्ये या गटातील मॅक्स शुलाकर आदींनी १७८ ट्रान्झिस्टरांचा संगणक चालवून दाखविला. मोजणे व क्रम लावणे ही दोन कामे तो आळीपाळीने करीत असे.

पुढे शुलाकर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेले. तेथे सन २०१९ मध्ये १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा १६ बिटांचा प्रक्रियक सिद्ध झाला. धान्य पाखडताना कचरा जावा आणि दाणे राहावेत, तद्वत पुंजके धुऊन सुट्या नलिका राखण्यात आल्या. परिपथाची रचनाही अशी केली की, उरलेल्या थोड्या सदोष नलिकांनी काम अडू नये. त्यामुळे ९९.९९९९९९ टक्के शुद्धतेऐवजी ९९.९९ टक्के शुद्धता पुरेशी ठरली.

सिलिकॉनच्या एका चकतीवर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. त्या मानाने हा आकडा अल्प आहे. सिलिकॉनचे युग संपले, असे कोणी समजू नये. तथापि दिशा स्पष्ट आहे. वीज कमी लागली, तर लहान घटावर यंत्र अधिक काळ चालेल, आणि जेथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे तेथे त्याचे मोल अधिक.

शिक्षकबंधूंना विनंती आहे की, हे कार्य केवळ विजेच्या अभ्यासकांचे नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगावे. त्यात रसायन आहे, गणित आहे, पदार्थविज्ञान आहे. याच शहरात बाळापूर येथे चूर्ण धातुविज्ञान व नवपदार्थांचे आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्र आहे, आणि यंत्रे उभारणारी ईसीआयएलही आहे. पदार्थ जाणणारे आणि यंत्र घडविणारे एकत्र आले, तरच प्रयोगशाळेतील ज्ञान कारखान्यात उतरते. पुढील दार घडविणाऱ्यांत आपल्या गावची मुले असावयाची, तर गणित व विज्ञान यांचा पाया आजच पक्का केला पाहिजे.