नाकावाटे मेंदूपर्यंत



मी डॉक्टरीण नव्हे. मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात पुष्कळ वर्षे सिस्टर म्हणून काम केले, तिथे पाहिले तेवढेच सांगते. विषय मोठा आहे, म्हणून एकच शस्त्रक्रिया घेते : नाकावाटे होणारी पीयूषिका ग्रंथीची.

ही ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी, मेंदूच्या बुडाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिथे गाठ वाढली की वरच्या डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात आणि कडेचे दिसेनासे होते. बाई चौकटीला धडकते, वाढताना शेजारचे ताट चुकते. आणि घरचे मात्र चष्मा बदलत बसतात! कुणाची पाळी थांबते, कुणाला मूल नसताना दूध येते. ही दूध आणणारी गाठ बहुधा गोळ्यांनीच आकसते, हेही ध्यानात असू द्या.

1907 साली इन्सब्रुक येथे श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने अशी गाठ प्रथम काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून जाऊन ती पुष्कळदा केली, पण पुढे तेच कवटी उघडण्याकडे वळले. नाकाची वाट अरुंद आणि आत काळोख. 1960 नंतरच्या दशकात माँट्रियलच्या झ्यूल हार्डी यांनी तिथे सूक्ष्मदर्शक आणला. आता तर दुर्बीणच नाकपुडीतून आत जाते, आतले सारे पडद्यावर दिसते आणि चेहऱ्यावर व्रणही राहत नाही.

व्रण नाही म्हणून घरी सारे सोपे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. मेंदूभोवती पाणी असते. ते धरणाऱ्या आवरणाला छिद्र राहिले तर ते नाकातून टिपकते. आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या एका बाईंना सर्दी झाली असे सगळ्यांनी ठरवले. सुनेने मात्र पाहिले की सासूबाई वाकल्या की एकाच नाकपुडीतून नितळ पाणी गळते, आणि उशीची खोळ वाळली तरी कडक होत नाही. शेंबडाने कापड कडक होते, तसे हे नव्हते. ती त्याच रात्री त्यांना घेऊन आली. पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत शिरतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जीवावर बेतते. बाईंची पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पोटावरची थोडी चरबी घेऊन छिद्र बुजवले, आणि बाई बऱ्या झाल्या. हल्ली मोठे छिद्र असेल तर नाकातल्या पडद्याचे अस्तर, त्याची रक्तवाहिनी न तोडता, आत वळवून बसवतात. 2006 साली ही रीत प्रसिद्ध झाली, आणि गळती पुष्कळ कमी झाली.

म्हणून अशा रोग्याने नाक शिंकरू नये, कुंथू नये. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यावी.

दुसरे, पाण्याचे. पहिल्या दिवसांत कुणाला अतोनात तहान लागते, लघवी पाण्यासारखी आणि घागरभर होते. कुणाचे आठवड्याच्या सुमारास रक्तातले सोडियम उतरते : मळमळ, डोके दुखणे, गुंगी, असंबद्ध बोलणे, क्वचित झटके. आपण म्हणतो अशक्तपणा आहे, आणि प्रेमाने आणखी पाणी पाजतो. ते प्रेम तेव्हा घातक ठरते! किती प्यायले, किती लघवी झाली हे वहीत लिहून ठेवा, आणि माणूस सुस्त वाटला तर उद्याची वाट न पाहता इस्पितळ गाठा. तिथे रक्त तपासून लगेच कळते.

चहा आलेला दिसतो. कुणाला काही विचारायचे असेल तर मी इथेच बसते आहे.