वृद्धनिवासांतील सहली

वृद्धनिवासांत राहणाऱ्या माणसाची दिनचर्या पाहिली, तर तींत वरकरणी कांहींच उणें दिसत नाहीं. सकाळीं चहा वेळेवर येतो, दोन्ही वेळां ताट वाढलेलें असतें, औषधाची गोळी हातावर ठेवणारें माणूस असतें, आणि रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं कोणीतरी चौकशी करून जातें. उणें असतें तें निराळेंच. संसारांत असलेल्या माणसाला दिवसांतून दहा वेळां उंबरठा ओलांडावा लागतो. भाजी आणावयाची असते, बँकेंत जावयाचें असतें, नातवाला शाळेंतून आणावयाचें असतें, कोणाच्या घरीं बारशाला तर कोणाच्या घरीं समाचाराला जावयाचें असतें. वृद्धनिवासांत हीं सर्व निमित्तें एकाएकीं नाहींशीं होतात. सारें कांहीं आंत चालून येतें. बाहेर जाण्याचें कारण मात्र उरत नाहीं. ज्याला बाहेर जाण्याचें कारण नाहीं, तो हळूहळू चांगले कपडे करण्याचें सोडतो, वर्तमानपत्रांतली तारीख पाहण्याचें सोडतो, आणि शेवटीं खिडकींतून पाहण्याचेंही सोडतो.

हा प्रश्न आतां थोड्यांचा राहिलेला नाहीं. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षांचीं व त्यांवरील माणसें देशांत १० कोटींहून अधिक भरलीं. महाराष्ट्रांत दर १०० माणसांमागें त्यांचें प्रमाण जवळजवळ १० होतें. मुलें नोकरीनिमित्त बंगळूरास, दुबईस अगर अमेरिकेंत, आईबाप मागें. पुण्यासारख्या शहराभोंवतीं जुन्या पद्धतीच्या वृद्धाश्रमांखेरीज साठी उलटलेल्यांकरितांच बांधलेल्या वसाहती गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिल्या आहेत. आश्रमांतील वृद्धाला एक खाट आणि एक कपाट असतें, वसाहतींतील वृद्धाला स्वतंत्र बिऱ्हाड असतें. ऐपतींत अंतर पुष्कळ. परंतु उंबरठ्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच. म्हणूनच महिन्या-दोन महिन्यांनीं निघणारी एका दिवसाची सहल ही दोन्ही ठिकाणीं चैनीची बाब न मानतां औषधपाण्याच्या पंक्तीला बसविली पाहिजे.

तथापि सहल निघाली म्हणजे काम झालें असें नव्हे. पुष्कळ ठिकाणीं ती दिवाळीच्या फराळाप्रमाणें वांटली जाते. स्थळ व्यवस्थापक ठरवितात, जेवण देणगीदार ठरवितो, वेळ गाडीवान ठरवितो. वृद्धांनीं फक्त सांगितलेल्या जागीं बसावयाचें, देणगीदाराच्या नांवाच्या कापडी फलकामागें उभें राहून छायाचित्र काढून घ्यावयाचें, आणि परतल्यावर आभार मानावयाचे. अशा सहलींत माणूस बाहेर जातो खरा. पण ज्या परावलंबनांतून त्याला घटकाभर सोडवावयाचें, तेंच त्याच्याबरोबर गाडींत बसून येतें. कोठें जावें, केव्हां निघावें, काय खावें, कोणाशेजारीं बसावें, हें ठरविण्याचा अधिकार हाच सहलीचा गाभा होय. निवासांतील मंडळींनीं चारपांच जणांची समिति नेमावी, चिठ्ठ्या टाकून स्थळ निवडावें, हिशेबाची वही आपल्यांपैकीं एखाद्या निवृत्त कारकुनाच्या हातीं द्यावी, आणि शक्य त्यानें अल्पस्वल्प वर्गणीही द्यावी. दहा रुपये दिलेल्या माणसाला भाजींत मीठ कमी पडल्याची तक्रार करतां येते. फुकट नेलेल्या माणसाला ती करवत नाहीं.

सर्वांनीं मिळून बाहेर पडण्याची कला महाराष्ट्राला परकी नाहीं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते, ती आषाढी एकादशीसाठीं पंढरीस पोंचते. हैबतबाबा आरफळकरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तींत वृद्धांच्या सहलीसाठीं शिकण्यासारखें बरेंच आहे. दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. दिंडींत पताकावाले पुढें, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी, आणि मागें तुळशी व पाण्याच्या कळशा घेतलेल्या बायका. सामान वाहनानें मुक्कामावर पुढें जातें, त्यामुळें चालणाऱ्याच्या खांद्यावर भार राहत नाहीं. संध्याकाळीं मुक्कामाच्या समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंचावला कीं सारे टाळ थांबतात; पण ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार तेथें जाऊन गाऱ्हाणें ऐकून घेतो. हरवल्या-सांपडल्या वस्तूंचा पुकाराही तेथेंच होतो. क्रम, भारापासून मोकळीक, आणि गाऱ्हाणें ऐकणारा कोणीतरी, हीं तीन सूत्रें सांभाळलीं तर पन्नास वृद्धांची सहलही सुखरूप पार पडते.

आतां स्थळांचा विचार. तरुणांच्या सहलींत ठिकाण जितकें दूर व उंच, तितका पराक्रम मोठा. येथें नेमकें उलट आहे. कार्ल्याचें लेणें सुंदर खरें, पण तेथें साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. जेजुरीचा गड आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या यांचीही गोष्ट तीच. जो गृहस्थ एके काळीं रोज पहाटे पर्वती चढत असे, त्याला आज तिच्या पायथ्याशीं उभें करून वर पाहावयास लावणें ही करमणूक नव्हे. त्याच टेकडीच्या सावलींत सारसबाग आहे. तेथील हिरवळीवर बसून तळ्यांतल्या गणपतीच्या आरतीची घंटा ऐकतां येते, आणि पर्वतीही तेथून दिसते. पण ती तेथें परीक्षा घेत नाहीं.

सपाट जमीन, सावली, बसावयास बांक, आणि जवळ स्वच्छ शौचगृह या चार गोष्टी असल्या कीं स्थळ निम्में पसंत. राहिलेलें निम्में त्या स्थळीं वृद्धांच्या स्वतःच्या आठवणींना जागा आहे कीं नाहीं यावर ठरतें. नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस १८९२ सालीं बांधला गेला. ऑगस्ट १९४२ मध्यें गांधीजींना तेथें स्थानबद्ध करण्यांत आलें. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजीं आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच निवर्तल्या. दोघांच्या समाध्या त्या आवारांत आहेत. आज ऐंशीनव्वदीच्या घरांत असलेल्यांनीं त्या दिवसांच्या गोष्टी आईवडिलांच्या तोंडून ऐकलेल्या असतात, आणि समाधीपाशीं बसल्यावर त्या आपोआप बाहेर येतात.

बाजीराव रस्त्यानजीकच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे, अडकित्ते, वाद्यें, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा नित्याच्या वापरांतील वस्तूंचा अपूर्व संग्रह आहे. इतर प्रेक्षक ज्या वस्तूखालची चिठ्ठी वाचून पुढें जातात, ती वस्तु वृद्ध बाईनें स्वतः हाताळलेली असते. शेवयांचा पाट कसा धरावा, समईची वात केवढी वळावी, हें ती बरोबरच्या तरुण सेविकेला सांगूं लागते. आणि एरवीं जिच्याकडून सूचना घ्यावयाच्या, तिलाच त्या दिवशीं सूचना देते. हा पालट औषधानें साधत नाहीं. मात्र वाडा मजल्यांचा आहे. ज्यांना जिने चढवत नाहींत त्यांनीं तळमजलाच सावकाश पाहावा.

खडकवासल्याच्या धरणाकांठची संध्याकाळ आणि भाजलेलें कणीस कोणालाही आवडेल. पण जुन्या पुणेकराला त्या पाण्याकडे पाहून १२ जुलै १९६१ आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचें फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. त्या वेळीं जो पंधरासोळा वर्षांचा मुलगा होता, तो आज ऐंशीचा झाला आहे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें, कोणाचें घर गेलें, हें तो सांगूं लागला कीं शेजारच्या खोलींत वर्षभर राहिलेला माणूसही त्याच पुरांतून निघालेला आहे असा शोध लागतो. एका भिंतीच्या दोन बाजूंस राहणारीं माणसें अशीं खडकवासल्यास जाऊन शेजारी होतात.

व्यवस्थेच्या गोष्टी लहान दिसतात, पण सहल यशस्वी होते ती त्यांवरच. आठवडाभर आधीं एखाद्यानें स्थळ प्रत्यक्ष पाहून यावें. पायऱ्या मोजाव्या, शौचगृहांत आधाराला दांडी आहे कीं नाहीं तें पाहावें. एका दमांत दीड तासाहून अधिक प्रवास ठेवूं नये. गाडीची पहिली पायरी उंच असते, तेथें एक भक्कम पाट ठेवला तर निम्मी भीति जाते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत बरे. वाढत्या वयांत तहानेची जाणीव मंद होते, आणि वाटेंत लघवीस कोठें जावें या संकोचानें पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहींत. यावर उपदेश उपयोगी पडत नाहीं. गाडी कोठें व किती वाजतां थांबणार हें आधीं फळ्यावर लिहून ठेवलें, म्हणजे पाण्याचे पेले आपोआप रिकामे होतात. लघवीचें प्रमाण वाढविणारी गोळी त्या दिवशीं केव्हां घ्यावी हें डॉक्टरांस विचारून ठेवावें. मधुमेहासाठीं सुई टोचून घेणाऱ्याचें जेवण लांबतां कामा नये, आणि साखर एकदम उतरल्यास द्यावयास सरबत हाताशीं असावें. प्रत्येकाच्या खिशांत नांव, निवासाचा दूरध्वनि आणि चालू औषधें लिहिलेला कागद असावा.

खर्चाची बाजूही पूर्वींइतकी अवघड राहिलेली नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. त्याच एस्. टी.नें ऑगस्ट २०२२ पासून राज्यांतील पंचाहत्तरीपुढील प्रवाशांस भाडें माफ केलें. ज्या निवासाला स्वतंत्र गाडी परवडत नाहीं, त्यांतील पांचसहा जणांच्या टोळीला या सवलतीवर गर्दी नसलेल्या दिवशीं जवळच्या गांवीं जाऊन येतां येईल.

हें सर्व झाल्यावरही खरा कठीण प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तो म्हणजे मागें कोणाला ठेवावयाचें. चाकाच्या खुर्चीवरील माणूस, ज्याला लघवीचा ताबा राहत नाहीं असा माणूस, ज्याची स्मृति गेली आहे असा माणूस, यांचीं नांवें यादींतून न बोलतां गळतात. धडधाकट मंडळींचें म्हणणेंही अगदींच चुकीचें नसतें. एकासाठीं चाळीस जणांचा तास जातो. वाटेंत कांहीं झालें तर जबाबदारी कोणाची, हा व्यवस्थापकांचा प्रश्नही रास्त असतो. परंतु आज ज्याच्या पायांत बळ आहे, त्यानें मागें राहिलेल्याची खिडकी पाहून ठेवलेली असते. पुढील वर्षीं त्या खिडकींत आपण असूं, ही धास्ती मनांत घेऊन तो गाडींत बसतो आणि आपला दुखरा गुडघा लपवितो. कोणालाही गाळण्याचा नियम असा गेलेल्यांचीही सहल नासवितो.

यावर उपाय आहेत. सहलीचे दोन पल्ले करावे: एक दूरचा, एक जवळचा. ज्यांना थेऊरच्या चिंतामणीपर्यंत जाववत नाहीं, त्यांना त्याच दिवशीं जवळच्या बागेंत तासभर न्यावें, आणि सायंकाळीं दोन्ही मंडळ्यांनीं एकत्र जेवावें. खुर्चीवरील प्रत्येकामागें एक तरुण हात असावा. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेंतील विद्यार्थी या कामीं मिळूं शकतात. स्मृति गेलेल्या माणसाला गर्दीच्या ठिकाणीं नेऊं नये, पण ओळखीच्या देवळांत सकाळच्या शांत वेळीं न्यावयास हरकत नसावी. उद्यां त्याला तें आठवणार नाहीं, हें खरें. पण ज्या घटकेला त्यानें घंटा वाजविली, त्या घटकेला तो तेथें होता. आणि ज्याला कोठेंच नेतां येत नाहीं, त्यालाही स्थळाच्या निवडींत चिठ्ठी टाकतां आली पाहिजे.

शेवटचा मुद्दा मुलांच्या संमतीचा. अनेक निवासांत मुलाचें पत्र आल्याखेरीज आईला गाडींत बसूं देत नाहींत. मुलांची काळजी खोटी नसते. अंतर दूरचें असलें कीं भीति वाढते. पण बँकेच्या कागदावर जिची सही चालते, तिला सारसबागेंत जाण्यास परवानगी लागावी हें विपरीत आहे. मुलांस कळवावें, निर्णय मात्र तिचा असावा. आईवडिलांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्यानें मुलांवर जें कर्तव्य घातलें, तें त्यांना सामान्य जीवन जगतां येईल इतपत गरजा भागविण्याचें आहे. कल्याणाच्या व्याख्येंत त्यानें अन्न व आरोग्यासोबत करमणुकीच्या केंद्रांचाही समावेश केला आहे. सामान्य जीवनांत थोडी दगदग, थोडी धूळ आणि थोडा धोका असतोच. तो सर्व काढून टाकला म्हणजे जें उरतें, तें सुरक्षित असतें, पण सामान्य नसतें.

सहलीहून परतल्यावर दोन दिवसांनीं सर्वांनीं जमून दिंडीप्रमाणें गाऱ्हाणीं ऐकावीं, हिशेब वाचावा, आणि पुढील तारीख ठरवावी. ती फळ्यावर लिहितांना तिच्याखालीं निवासांतील एकूण एक माणसाचें नांव लिहावें. ज्याला यावयाचें नसेल, त्यानें आपलें नांव आपल्या हातानें पुसावें. दुसऱ्या कोणीं तें पुसूं नये.