कात्री हातात आणि नावावरही

(वेळापूर इथे बचत गटांतल्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्र्याचं काम घरी करायचं तर कापायला आणि वाकवायला कमी पैशात कोणती हत्यारं घ्यावीत, हे सांगायला मला बोलावलंय. मघाशी तुमच्यातल्या काहीजणींनी सांगितलं की घरात ज्वारीच्या कोठ्या, पेट्या, शेगड्या होतात. मी विचारलं, तुम्ही त्यात काय करता? उत्तर आलं, "आम्ही नुसती मदत करतो." म्हणजे कड घासायची, डाख लावताना धरायचं, रंग द्यायचा, उरलेले तुकडे झाडून काढायचे. कापतो आणि वाकवतो तो कारागीर, बाकीची मदतनीस. म्हणून कात्रीपासूनच सुरुवात करू.

त्याआधी पत्रा. दुकानदार गेज सांगतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटं गणित पक्कं लक्षात ठेवा. 24 गेज म्हणजे साधारण 0.56 मिलिमीटर, 22 म्हणजे 0.71, 20 म्हणजे 0.91. फरक किरकोळ वाटतो, पण वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. 24 ऐवजी 20 गेज घेतला तर जाडी दुप्पटसुद्धा होत नाही, जोर मात्र अडीचपटीहून जास्त लागतो. शिवाय घडी जितकी लांब तितका जोर जास्त. तेव्हा "बाईच्या अंगात ताकद नाही" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, पत्रा किती गेजचा आणि घडी किती फुटांची?

कात्रीवर पैसे वाचवू नका. साधी, लांब मुठीची पत्राकात्री स्वस्त मिळते, पण तिला मनगट फार लागतं. दुहेरी सांध्याची, स्प्रिंगची कात्री काही शे रुपयांत येते आणि 22-24 गेजचा पत्रा बेताच्या जोरात कापते. तिच्या मुठींचे रंग असतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. आधी पिवळी घ्या, मग तुमच्या कामाला लागेल ती दुसरी. दुकानात नुसती उघडझाप करून बघू नका. पत्र्याचा तुकडा सोबत न्या आणि पात्याच्या टोकापर्यंत कापून बघा. टोकाशी पत्रा चावला जात असेल तर परत ठेवा. मूठ पूर्ण उघडल्यावर तुमची बोटं तिच्याभोवती नीट पोचतात का, तेही बघा. या मुठी बहुतेक मोठ्या पंजाला धरून केलेल्या असतात.

सरळ लांब कापायला टेबलावर बसवायची लिव्हरची कात्री काही हजारांत मिळते. ती घेतलीत तर काम संपल्यावर दांडा काढून ठेवा किंवा बांधून टाका. घरात पोरं असतात आणि तो दांडा वरून खाली पडतो. खरं तर सुरुवातीला तीही लागत नाही. पूर्ण पत्रा 8 बाय 4 फुटांचा असतो. दुकानदाराकडे मोठं कापयंत्र असेल तर पत्रा घेतानाच मापाच्या पट्ट्या कापून मागा.

ग्राइंडरने पातळ पत्रा कापू नका. ठिणग्या उडतात, कडेचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. ड्रिलला लावायचा निबलर स्वस्त आणि चलाखही आहे, पण तो पत्र्याचे अर्धचंद्रासारखे बारीक, धारदार तुकडे फेकतो. कारखान्यात पायात बूट असतात. आपल्याकडे त्याच जागेत रांगतं मूल असतं, रात्री तिथेच अंथरूण पडतं.

आता वाकवणं. दोन जाड लोखंडी अँगल, दोन सी-क्लॅम्प आणि एक लाकडी हातोडा, एवढ्यावर 24 गेजची दोन-तीन फुटांची घडी व्यवस्थित येते. लोखंडी हातोडी नको, खड्डे पडतात. एका टोकापासून एकदम आडवं पाडू नका. सगळ्या लांबीवर थोडं थोडं ठोकत तीन-चार फेऱ्यांत वाकवा. पत्रा किंचित परत उघडतो, म्हणून काटकोनापेक्षा जरा जास्त वाकवा. वेल्डरकडून त्याच अँगलला बिजागऱ्या आणि दांडा लावून घेतला की झालं घरचं घडीयंत्र. त्याची उंची तुमच्या कमरेला धरून ठरवा.

घडी जमली की कड आत दुमडता येते, म्हणजे हात कापत नाही आणि डबा ताठ राहतो. एकमेकांत अडकवलेल्या घडीने जोडही होतो, वेल्डिंग लागत नाही. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. "उन्हाचा ताप" म्हणून तो अंगावर काढू नका.

कापणं, वाकवणं, गोल करणं तिन्ही करणारं एकच यंत्र तुम्हाला दाखवतील. त्याचा लहान नमुना फूटभर रुंदीचा असतो. कोठी त्यात बसत नाही, आणि वजन इतकं की एकटीने हलत नाही. तिथे माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

मोठ्या यंत्राबद्दल आणखी एक. मला माहीत असलेल्या एका गटाने कर्ज काढून पायाने चालवायचं घडीयंत्र आणलं. घरात जागा नाही म्हणून ते एकीच्या दिराच्या दुकानात ठेवलं. वर्षभरात दुकानाचं काम वाढलं आणि गटातल्या बायका घडीमागे पैसे देऊन स्वतःच्याच यंत्रावर पत्रा वाकवून आणू लागल्या. हप्ते त्याच भरत होत्या. यंत्र घेण्याआधी ते कुठे राहणार, किल्ली कुणाकडे आणि पावती कुणाच्या नावाची, हे वहीत लिहा.

2023 साली सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, पहिलं कर्ज तारणाशिवाय 1 लाखापर्यंत, व्याज 5 टक्के. यादीत 18 व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, हातोडी-अवजारं करणारे आहेत, पत्राकाम असं वेगळं नाव नाही. तेव्हा आपलं काम कशात बसतं ते अर्जाआधी विचारून घ्या. अट अशी, की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातून एकाचीच नोंद होते. नवऱ्याचं नाव गेलं की तुमचं दार बंद. अर्धनारीनटेश्वराच्या गावात हे बोलते आहे. तिथे अर्धा वाटा मिळतो, या अर्जात नाही. काम दोघं करत असाल तर अर्ज कुणाचा, हे घरी बसून ठरवा, परस्पर ठरू देऊ नका.

समोर तीन कात्र्या ठेवल्यात, पिवळी, लाल आणि हिरवी. 24 गेजचे तुकडे टोपलीत आहेत. हातमोजे घाला आणि एकेकीने पुढे या. आधी ज्यांनी कधीच कापलेलं नाही त्या.