सोळा आण्यांचा बग आणि नया पैसा

गेल्या भागात मी नाण्यांचा उल्लेख काय केला, इनबॉक्स भरला. निम्म्या मेसेजमध्ये एकच प्रश्न: "दादा, आजीच्या डब्यात जुना पैसा सापडलाय, किती लाख मिळतील?"

सरळ सांगतो, लाख नाही. 1957 चा साधा, वापरलेला नया पैसा नाणेवाल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळतो. मी तेच गोळा करतो, स्वतंत्र भारताची सगळ्यात फुटकळ चिल्लर. कुरिअरचा खर्च नाण्याहून जास्त येतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मग करतो कशाला? कारण देश बदलला की तो बदल गरिबाच्या मुठीत कधी पोचला, हे चिल्लर सांगते. 15 ऑगस्ट 1947 ला झेंडा बदलला, पण नाणी बदलली नाहीत. पुढची तीन वर्षं जुन्याच नाण्यांवर काम चाललं. रुपयावर राजा होता, आणि भोकाच्या पैशावर त्याचा मुकुट. 15 ऑगस्ट 1950 ला नवी मालिका आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह बसले. पैशावर घोडा, तर अर्धा आणा, एक आणा आणि दोन आण्यांवर बैल. दोघेही त्याच स्तंभशीर्षावरून उतरलेले. 1950 चा पैसा जाडजूड आहे, नंतरचे पातळ. एकावर एक ठेवून बघा, फरक बोटांना कळतो.

पण हिशोब मात्र जुनाच राहिला. रुपयाचे 16 आणे, 64 पैसे, 192 पै. आपण अजून 'सोळा आणे खरं' म्हणतो ना, ते इथलंच. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे 100 नये पैसे झाले. आता माझ्यातला इंजिनिअर इथे जागा होतो. एक आणा म्हणजे नेमके 6.25 नये पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्ता ठरला: एका आण्याला 6, दोनला 12, तीनला 19, चारला 25. म्हणजे तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर 19, आणि आण्या-आण्याने तीनदा घेतली तर 18! राउंडिंग एररचा बग, तोही अख्ख्या देशाच्या प्रॉडक्शनवर. आणि दोन्ही नाणी एकाच गल्ल्यात, बरं का.

लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्या इवल्याशा नाण्यावर चक्क व्याख्या कोरली होती: 'रुपये का सौवाँ भाग'. मला तर हे जगातलं सगळ्यात प्रामाणिक डॉक्युमेंटेशन वाटतं. 1 जून 1964 पासून 'नया' शब्द गळाला. आणि 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली.

आता लाखांकडे येऊ. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना फोन आला, तुमच्या नाण्याला मोठं गिऱ्हाईक आहे, आधी रजिस्ट्रेशन फी भरा. मग टॅक्स भरा. मग अजून काहीतरी. पैसे गेले, नाणं डब्यातच राहिलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये अशा ऑफरबद्दल जाहीर सावध केलं होतं: बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कसली फी किंवा कमिशन मागत नाही. तेव्हा घरातल्या मोठ्यांना आजच सांगा. विकणाऱ्याकडून पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतोच.

आणि हो, डबा सापडला तर नाणी चिंचेने किंवा ब्रासोने घासू नका. चकाकी येते, पण वरचा मूळ थर जातो आणि नाणेवाला हातही लावत नाही. काठाला धरा, साध्या कागदी पाकिटात ठेवा. फोटो पाठवताना सालाखालचा भाग स्पष्ट येऊ द्या. तिथे बारीक चौकट असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, काहीच नसेल तर कलकत्त्याचं. पुढच्या भागात तुमचेच फोटो घेऊन बसू.