ॲलन पेज : खेळाडू आणि न्यायमूर्ती



अमेरिकेतील फुटबॉलपटूशी आपला संबंध काय, असे आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींना वाटले असेल. त्या खेळाचे आपल्या फुटबॉलशी नाते केवळ नावाचे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळावयाचे आणि पळणाऱ्याला प्रतिपक्षाने अंग झोकून लोळवावयाचे! अशा धसमुसळ्या खेळातील एक गडी पुढे न्यायमूर्ती झाला. त्याची हकीकत आम्ही सांगणार आहो.

ॲलन पेज यांचा जन्म १९४५ साली ओहायो राज्यातील कँटन या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. या खेळातील थोर खेळाडूंचे स्मारकमंदिर त्याच गावी उभे राहत असता कोवळ्या वयाच्या पेज यांनी त्या बांधकामावर मजुरी केली. १९६७ साली पदवी घेऊन ते मिनेसोटा व्हायकिंग्ज या धंदेवाईक संघात दाखल झाले. १९७१ साली ते लीगचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले. बचाव करणाऱ्या गड्याला हा मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता.

कीर्तीच्या अशा शिखरावर माणूस बहुधा उद्याचा विचार करीत नाही. पेज यांनी तो केला. कायद्याचा अभ्यास त्यांनी एकदा अर्धवट सोडला होता. तो पुन्हा हाती घेतला आणि खेळत असतानाच १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. त्याच वर्षी संघाने त्यांना सोडले. लांब पल्ल्याच्या धावण्याने त्यांचे वजन उतरले होते आणि ते संघाला पसंत नव्हते. पुढे १९८१ पर्यंत ते शिकागोकडून खेळले.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडतात. १९९२ साली पेज उमेदवार होऊ इच्छीत होते. तोच राज्यपालांनी विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढविली आणि निवडणूकच टळू लागली. पेज न्यायालयात गेले, जिंकले, निवडणूक झाली आणि ते निवडूनही आले! त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. २०१५ साली सत्तरी गाठताच नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले.

आता थोडे मागे जाऊ. ज्या इमारतीसाठी त्यांनी मजुरी केली, तेथेच १९८८ साली त्यांचा गौरव झाला. परिचय करून देण्यास त्यांनी कोणा प्रशिक्षकाला बोलावले नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले, आणि स्वतः बोलले ते शिक्षणावर. त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्तीसाठी संस्था काढली. तिची अट अशी की, शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांना शिकविलेच पाहिजे.

'खेळ की अभ्यास' असा वाद आपल्या घरोघरी चालतो. आम्हांस तो वादच चुकीचा वाटतो. खेळ सोडावयाची वेळ प्रत्येक खेळाडूवर येतेच. त्या दिवशी त्याच्यापाशी दुसरे काय आहे, हाच खरा प्रश्न. पेज यांनी त्याचे उत्तर अंगी बळ असतानाच तयार ठेवले होते.