कायमचा पत्ता
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांवरच केस पांढरे व्हायला लागले. आपल्या मंडळातली बरीच मुले कंपनीतर्फे दोन-तीन वर्षांसाठी परदेशी जातात. राइट्स, इरकॉनच्या कामांवर आमचे रेल्वेवालेही जातात. निघताना व्हिसा, बॅगा, लोणच्याची बरणी, सगळ्याची काळजी होते. मागे राहणाऱ्या पत्त्याची मात्र कोणी करत नाही. म्हणून त्यावर चार शब्द.

आमच्याकडे रुळाला 'पर्मनंट वे' म्हणतात. बांधकामाचे सामान वाहायला आधी तात्पुरता रूळ टाकत, नंतरचा पक्का तो पर्मनंट. पण त्याचेही स्लीपर बदलावे लागतात, खडी भरावी लागते. फॉर्मवरच्या 'कायमच्या पत्त्या'चेही तसेच आहे. देखभाल नसेल तर तो कायमचा राहत नाही.

आधी मतदानाचे पाहू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० दोन गोष्टी सांगते. केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपतही नाही. त्यामुळे चार-सहा महिन्यांच्या कामाला जाणाऱ्याने घाबरू नये. मुक्काम लांबला तर २०१० च्या दुरुस्तीने आलेले कलम २०-अ आहे, २०११ पासून लागू. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्याने फॉर्म ६-अ भरावा. पासपोर्टवरच्या भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागते. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. प्रॉक्सीचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले, पण त्याचा कायदा झाला नाही.

एक गोष्ट आपल्या बंगळुरूकरांसाठी. गावच्या यादीतही नाव आणि इथल्याही, हे चालत नाही. नाव एकाच ठिकाणी.

आता पैशाचे. नोकरीसाठी बाहेर गेलात की फेमा कायद्याने तुम्ही अनिवासी. साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. आयकरवाले मात्र दिवस मोजतात, त्यांचा १८२ दिवसांचा हिशेब वेगळा. म्हणजे माणूस एक, पण तीन कायद्यांत त्याचा रहिवास तीन तऱ्हेचा! म्हणून 'मी कुठला?' असे मोघम विचारू नये; कोणत्या कामासाठी, ते आधी ठरवावे.

घराच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करावे. परदेशात केले तर वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

पण कागदांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. मतदार यादीतून नाव काढण्यापूर्वी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, बँक पत्र पाठवते, पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला येतात. दाराला कुलूप असेल तर शेजारी सरळ सांगतात, "ते इथे राहत नाहीत." ते खोटेही बोलत नसतात. घरात म्हातारे आई-वडील असतील तर इंग्रजी नोटीस देवघराच्या फडताळात जपून ठेवतात, मुलगा फोन करील तेव्हा सांगू म्हणून. आणि फोनवर नातवाचे दात सांगता-ऐकता नोटीस राहूनच जाते.

म्हणून एक विनंती आहे. जाणाऱ्याने एका माणसाचे नाव ठरवून जावे, त्याला किल्ली आणि कागदांची यादी द्यावी. आणि आपण राहणाऱ्यांनी शेजारच्या बंद दाराचे टपाल उचलावे, त्या आजी-आजोबांकडे महिन्यातून एकदा जाऊन "काही कागद आलाय का?" एवढे विचारावे. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे अवघड नाही.

बाप्पा वर्षातून थोडेच दिवस येतात, पण त्यांचा पत्ता कधी चुकत नाही. कारण दार उघडायला घरोघरी कोणीतरी असते. तेवढे आपण एकमेकांसाठी करू.

गणपती बाप्पा मोरया!