पोलादाचा थकवा

श्रोतेहो, घरात एखादी लोखंडी तार पडली असेल तर ती हातात घ्या. नुसती ओढून ती तुटायची नाही. पण एकाच जागी खाली-वर, खाली-वर अशी वाकवत राहा. थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतात. मी गणिताचा प्राध्यापक, तरी हा प्रयोग वर्गात दरवर्षी करून दाखवतो. मुले विचारतात, "सर, शेवटच्या खेपेला तुम्ही काही जास्त जोर लावला नाहीत. मग ती तेव्हाच का तुटली?" उत्तर असे की, ती काही त्या एका खेपेला तुटली नाही. आधीच्या प्रत्येक खेपेला थोडी थोडी तुटतच होती. आपल्याला ते दिसत नव्हते, इतकेच.

धातूच्या या दुखण्याला इंजिनिअर लोक 'थकवा' असेच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे-इंजिनिअराने आगगाडीच्या डब्यांच्या कण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. जे ओझे कणा एकदा सहज पेलतो, तेच लाखो वेळा आलटून-पालटून पडले की तो मोडतो, असे त्याने दाखवून दिले. आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकणारा माणूस जुन्या लोकांनी पाहिला असेल. बाजारात आपण मडके वाजवून घेतो, तोच हा प्रकार. चिरलेले मडके बद्द वाजते.

आता कण्यावरून समुद्राकडे वळू. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र आहे. तेथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून ते निघू लागले. पोलादाच्या जाडजूड नळ्या एकमेकींना जोडून केलेले मनोरे तेथे समुद्रतळाशी घट्ट रोवले आहेत. त्यांच्यावर लाटा आदळतात. किती, याचा हिशेब शिक्षकांनी मुलांकडून जरूर करून घ्यावा. सरासरी सहा सेकंदांना एक लाट धरली, तर वर्षाला बावन्न लाखांहून अधिक होतात. वीस वर्षांत दहा कोटींच्या वर! प्रत्येक लाट म्हणजे आपल्या तारेला दिलेला एक बारीकसा हिसका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सांध्यावरचा हा ताण दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मे होत नाही. ढोबळमानाने ते आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून वेल्डिंगचे सांधे, कोपरे, भोके, जेथे जेथे ताण एकवटतो तेथे भेग आधी जन्म घेते.

असल्या एका भेगेने काय केले ते सांगतो. नॉर्वेच्या हद्दीत उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर एल. किएलँड' नावाचा पाच पायांचा तरंगता तळ होता. तेलाच्या कामावरील माणसांच्या राहण्यासाठी तो वापरीत. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वारा-वादळ चालू असता त्याचा एक आडवा बांध तुटला. त्याचा भार शेजारच्या बांधांवर गेला, तेही एकामागून एक तुटले, आणि एक पाय साफ निखळला. तळ कलंडला व वीस-पंचवीस मिनिटांत उलटा झाला. त्यावर २१२ माणसे होती. त्यांतली १२३ दगावली.

चौकशीत काय निघाले? त्या बांधाला एक भोक पाडून, पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा आधार तेथे बसवला होता. सहा मिलिमीटरच्या वेल्डिंगने. त्या वेल्डिंगमध्ये भेग पडली होती आणि भेगेच्या आत रंग सापडला! म्हणजे कारखान्यात रंग लावण्यापूर्वीच ती तेथे होती. तो आधार म्हणजे एक जोडसामान. त्यावर कसला भार येणार, असे धरून त्याच्या मजबुतीचा विचारच कोणी केला नव्हता. बांध मोठा म्हणून महत्त्वाचा आणि त्याला चिकटवलेला तुकडा किरकोळ! पण भेगेला हा भेद कोठे कळतो?

मग तपासायचे तरी कसे? पाणबुडे खाली उतरतात, सांध्यावरचे शेवाळ व शिंपले खरवडतात, पोलादात चुंबकत्व आणून लोहचूर्ण सोडतात. जेथे भेग असते तेथे चूर्ण रेघेसारखे जमते. पोकळ नळीत पाणी शिरले आहे का, हेही बाहेरून कळू शकते. ते शिरले म्हणजे भेग आरपार गेली. परंतु सांधे शेकड्यांनी, समुद्र खवळलेला आणि पाणबुड्याचा जीव मोलाचा. सगळेच रोज पाहता येत नाही. केव्हा आणि कोणता सांधा पाहायचा, हे आधी ठरवावे लागते. येथे आमचे गणित उपयोगी पडते.

भेग दिसण्याजोगी झाल्यापासून घातक होईपर्यंत काही काळ जातो. समजा, तो सहा वर्षांचा आहे आणि एका तपासणीत दहांपैकी सातच भेगा सापडतात. त्या सहा वर्षांत एकदाच पाहिले तर शंभरांत तीस भेगा निसटतील. दोनदा, आणि दोन्ही तपासण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरून पाहिले, तर फक्त नऊ. ज्या सांध्याच्या तुटण्याने सगळा डोलारा कोसळेल, तो आधी आणि वरचेवर पाहायचा. ज्याचा भार शेजारी उचलू शकतो, तो मागाहून. आणि जेथे माणसाचा हात पोचणारच नाही आणि तुटले तर मोठी हानी होईल, तेथे नॉर्वेचे नियम सांगतात की हिशेबाने निघणारे आयुष्य लागणाऱ्या आयुष्याच्या दहापट ठेवा. पाहिलेले सगळे वहीत उतरवायचे, म्हणजे पुढचा माणूस त्याच्यापुढे सुरुवात करील.

मंडळी, आपल्या गावात समुद्र नसेल; पण शाळेतल्या झोपाळ्याची कडी आहे, विहिरीवरच्या रहाटाचा कणा आहे. "इतकी वर्षे टिकली, आता काय होतंय!" असे आपण म्हणतो. खरे म्हणजे इतकी वर्षे टिकली, म्हणूनच आता पाहायला हवी. उद्या शाळेत गेल्यावर ती कडी आधी पुसा, उजेडात नीट पाहा, आणि पाहिल्याची तारीख वहीत लिहा.